जप्त केलेली हळद माझ्याच खोलीत आहे आणि नदीला पाणी चढतंय. काय करू?

पेठेतला_पोरगा | २३ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचत असतो, आज अडचण आली म्हणून लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

सांगलीत आमचं किराणा दुकान आहे, आजोबांच्या वेळचं. नऊ दिवसांपूर्वी दुपारी दीडच्या सुमारास फूडचे साहेब (अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी) आले, बरोबर एक सहायक. वडील जेवायला घरी गेलेले, गल्ल्यावर मी. साहेबांनी ओळखपत्र दाखवलं, भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र वाचलं आणि थेट हळद पुडीच्या पाकिटांकडं बोट केलं. पाकिटं आमची, २०० ग्रॅमची, वर दुकानाचं नाव आणि आमचा १४ आकडी नोंदणी नंबर. आतली पूड मात्र आमची नाही. मे महिन्यात एकाकडून सुटी पूड घेतली होती, पन्नास किलोची तीन पोती. हळकुंडं घेऊन दळून आणण्यापेक्षा किलोमागं चाळीस रुपये स्वस्त पडली. बिल विचाराल तर चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर वजन, रक्कम आणि 'ह. पू.' एवढंच.

शेजारच्या वह्या-पुस्तकंवाल्या काकांना पंच म्हणून बोलावलं. नमुन्याचे चार भाग केले, चार बरण्यांत. प्रत्येक बरणी जाड कागदात गुंडाळली, वरून खालपर्यंत नंबराची पट्टी चिकटवली, आणि माझी सही अशी घेतली की अर्धी पट्टीवर आणि अर्धी कागदावर पडली पाहिजे. मग दोरा, मग लाख. दुकानात लाख जळल्याचा वास सुटला आणि गिऱ्हाईक दारातूनच परत जायला लागलं. नमुन्याचे पैसे त्यांनी मला रोख दिले, पावतीवर सही घेतली. त्या पैशांचं काय करायचं तेच मला सुचेना, अजून गल्ल्यात वेगळे ठेवलेत.

उरलेला माल म्हणजे दोन पोती आणि साठ पाकिटांचं एक खोकं, एकूण ११२ किलो. तो जप्त. मला वाटलं ते गाडीत घालून नेतील. पण त्यांनी पोत्यांची तोंडं शिवली, सुतळीवर लाख ओतून शिक्के मारले आणि 'माल तुमच्याच ताब्यात ठेवला आहे' असं लिहून त्याखाली माझी सही घेतली. दुकानात जागा नाही म्हणून त्यांच्यासमोरच माल आमच्या कर्नाळ रस्त्याच्या खोलीत नेला आणि तोच पत्ता पंचनाम्यात लिहिला.

आता मूळ प्रश्न. ती खोली तळमजल्याला आहे. २०१९ ला तिच्या पत्र्यापर्यंत पाणी होतं. आज संध्याकाळी आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी २९ फूट झालंय, कोयनेतून विसर्ग वाढवलाय, वारणाही फुगलीय. मावशी विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याकडं पोती हलवली तर चालेल का? की हात लावला म्हणून आणखी एक गुन्हा व्हायचा? वडील म्हणतात कुणाला विचारू नको, हलव. आई म्हणते हात लावू नको. मी मधे.

मिरजेची_सूनबाई | २३ जुलै, रात्री ११:५८

हळदीच्या गावात हळदीत भेसळ, आणि वर आम्हालाच विचारताय पोती कुठं ठेवू? माझ्या घरी लहान मूल आहे हो. सर्दी झाली की हळद-दूध देते त्याला. तुम्हाला चाळीस रुपये वाचले, आमच्या पोटात काय गेलं? मागच्याच महिन्यात पांढऱ्या परकरावर हळद सांडली आणि साबण लावला तर डाग लालभडक. तेव्हाच कळलं होतं मला की हळदीत रंग घालतात.

वखारभाग_अण्णा | २४ जुलै, सकाळी ६:२०

आरं गड्या, एवढं काय ईचार करतुयास. पानी येतंय तर येऊ दे की. ११२ किलो हळद गेली कृष्णामाईला. पंचनामा करनारं बी म्हनत्याल पुरात गेली. माल न्हाई तर केस कसली? २०१९ ला लोकांचं काय काय गेलं, कोन ईचारतंय.

काळाकोट_कराड | २४ जुलै, सकाळी ७:०५

अण्णा, तुमचा सल्ला ऐकला तर पोरगा नक्की आत जाईल. केस पोत्यांवर उभी नाही, त्या चार बरण्यांवर उभी आहे, आणि त्या केव्हाच साहेबांच्या ताब्यात गेल्यात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे या साहेबांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. पोती बुडाली तरी अहवाल यायचा तो येणारच. वर 'जप्त माल जाणूनबुजून बुडू दिला' हे प्रकरण वेगळं लागेल. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६, कलम ६०. जप्त माल परवानगीशिवाय ठेवायचा नाही, हलवायचा नाही, त्यात फेरफार करायचा नाही. कैद आणि दंड दोन्ही आहेत त्यात.

पेठेतल्या पोरा, कलमातला 'परवानगीशिवाय' हा शब्द परत वाच. म्हणजे परवानगीने हलवता येतो. आत्ता उठ, साध्या कागदावर अर्ज लिही: पंचनाम्याची तारीख, मालाचं वर्णन, सध्याचा पत्ता, पुराचा धोका, नवा पत्ता, आणि 'आपल्या उपस्थितीत हलवण्याची परवानगी मिळावी'. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. सोबत ईमेल टाक. आणि अर्ज द्यायला जाण्याआधी खोलीत जाऊन शिक्क्यांचे फोटो काढ, जवळून, प्रत्येक शिक्क्याचा वेगळा. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत वाट बघू नकोस.

हरिपूरकर | २४ जुलै, सकाळी ७:३०

वकीलसाहेब बरोबर बोलले. पाण्याचं म्हणाल तर हळद आणि पूर हे नातं आम्हाला सांगू नका. आमच्या हरिपुरात हळद जमिनीत पेवांमध्ये ठेवायची पद्धत. वीस-पंचवीस फूट खोल पेव, वरून तोंड बंद, आत कीड नाही की भुंगा नाही, वर्षानुवर्षं माल टिकायचा. २००५ ला पाणी आलं आणि पेवंच्या पेवं गेली. आमचं एक होतं. पाणी ओसरल्यावर तोंड उघडलं तर आत पिवळा चिखल, आणि वास असा की वडील तिथंच मटकन बसले.

आता थोडं कडू बोलतो. हळद लावल्यापासून नऊ महिने रानात. मग काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग मार्केट यार्डात सौदा. एवढं करून जे हळकुंड येतं त्याच्या भावापेक्षा दळलेली पूड स्वस्त? दळणाऱ्याची मजुरी, वीज, घट, पोतं, गाडीभाडं हे कुठून आलं? तू किराणा दुकानदाराचा पोरगा ना? हिशोब येत नव्हता का तुला?

पेठेतला_पोरगा | २४ जुलै, सकाळी ७:४४

येत होता काका. केला नाही.

खरं सांगायचं तर अण्णांनी लिहिलंय तो विचार परवा रात्री माझ्याही डोक्यात आला होता. अर्ज लिहायला घेतलाय.

सूक्ष्मदर्शक | २४ जुलै, सकाळी ९:१५

मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काम केलं, आता निवृत्त. दोन गोष्टी.

सूनबाई, तुमचा राग रास्त आहे, पण परकराचा पुरावा चुकीचा आहे. हळदीतलं कुरकुमिन साबणासारख्या, सोड्यासारख्या, चुन्यासारख्या अल्कधर्मी वस्तूला लागलं की लाल होतं. आपलं कुंकू असंच तर करत आले, हळदीला चुना लावून. उलट डाग लाल झाला म्हणजे त्यात खरी हळद होती. घरी बघायचंच असेल तर पेल्यात पाणी घ्या, वर चमचाभर पूड सोडा, ढवळू नका. चांगली पूड बहुतेक खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर संशयाला जागा आहे. संशयच, निकाल नव्हे. इंटरनेटवर आम्ल घालून गुलाबी रंग बघायची कृती फिरते, ती स्वयंपाकघरात करू नका. ते आम्ल हातावर उडतं, शिवाय आम्लाने शुद्ध हळदही रंग बदलते. शुद्ध हळदीचा तो रंग पाणी घातल्यावर जातो आणि मेटॅनिल यलोचा (भेसळीतला बंदी असलेला पिवळा रंग) टिकतो, हा फरक न कळल्याने लोक चांगल्या दुकानदाराशी भांडून येतात.

आता दुकानदारासाठी. हळद पुडीत आम्ही काय बघतो? ओलावा १० टक्क्यांच्या आत, कुरकुमिनॉइड (हळदीला पिवळेपणा देणारा भाग) निदान २ टक्के, स्टार्च ६० टक्क्यांपर्यंत, आणि लेड क्रोमेट अजिबात नको. ६० टक्के स्टार्च ऐकून दचकू नका, हळद हा कंदच आहे, त्यात पिठूळपणा असणारच. मग वरून मिसळलेलं पीठ ओळखायचं कसं? इथं आपल्या शेतकऱ्याची कढई कामाला येते. हळद शिजवली की तिच्यातले स्टार्चचे कण फुगतात, फुटतात, त्यांची लापशी होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते पिवळ्या गोळ्यांसारखे दिसतात. मक्याचं पीठ मिसळलेलं असेल तर ते कण न शिजलेले, टोकदार कडांचे, स्वच्छ वेगळे दिसतात. पोह्यांच्या परातीत साबुदाणा पडावा तसे. पहिल्या काचपट्टीवरच कळतं, पुढचं सगळं आकड्यांसाठी.

लेड क्रोमेट निघालं तर मात्र प्रकरण गंभीर. ते शिसं आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा चांगली नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या जवळपास निम्म्या हळद नमुन्यांत ते सापडलं होतं. कडक छापे आणि दंड झाल्यावर २०२१ पर्यंत नमुन्यांत सापडायचं थांबलं. छाप्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खणभाग_४१६ | २४ जुलै, सकाळी ९:५०

वाचनखूण साठवली. एक शंका: हे साहेब लोक त्रास द्यायला म्हणूनही जप्ती करतात ना? त्यावर काही उपाय?

काळाकोट_कराड | २४ जुलै, सकाळी १०:१०

आहे. कलम ३९. काही कारण नसताना, छळण्यासाठी जप्ती केली हे सिद्ध झालं तर अधिकाऱ्यालाच एक लाखापर्यंत दंड. पण त्याच कलमात पुढं असंही आहे की तक्रार खोटी ठरली तर तक्रारदाराला किमान पन्नास हजार. म्हणून रागाच्या भरात नुसता 'त्रास दिला' असा अर्ज करू नये. इथं तर पंच होता, पावती होती, नमुन्याचे पैसे दिले होते. त्रास कुठं दिसत नाही मला.

कंदीवाला_सातारा | २४ जुलै, दुपारी १२:३०

आमच्याकडचा प्रसंग सांगतो, म्हणजे हळदीवाल्याला आपण किती सुटलो ते कळेल. आम्ही पेढेवाले. तीन-चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर महामार्गावर एक खासगी बस थांबवली, डिकीत खव्यासारख्या पदार्थाच्या गोण्या. बर्फ नाही, काही नाही, वर प्रवाशांच्या बॅगा, एका गोणीवर कुणाचा तरी ओला रेनकोट. मी तिथं का होतो? त्यात एक गोणी माझी होती. मागणी वाढली होती, आमचा नेहमीचा गवळी पुरा पडेना, एकानं 'येतोय माल' सांगितलं, मी हो म्हटलं.

गोण्या उघडल्या तर आंबूस वास आणि बोटाला तार. नमुने घेतले, आम्हाला तिथंच लेखी नोटीस दिली आणि बाकीचा माल खड्डा काढून पुरला, वर फिनेल ओतलं. नाशवंत माल खराब झालेला असेल तर नोटीस देऊन नष्ट करायचा अधिकार त्यांना आहे, तुमच्या हळदीसारखी शिक्के मारून ठेवायची भानगड नाही. जेसीबीवाला पोरगा विचारत होता, "म्हशीला घातलं असतं तर?" साहेब म्हणाले, "म्हशीचं दूध कोण पिणार?"

त्या वर्षी दिवाळीत पेढे कमी केले. गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या. घालू देत.

मिरजेची_सूनबाई | २४ जुलै, दुपारी १:०५

सूक्ष्मदर्शक काका, परकराचं कळलं. चार जणींना सांगून बसले होते, आता परत फोन करायला हवेत. पेठेतल्या भाऊ, राग कमी नाही झालेला, पण पोती हलवा आधी.

पेठेतला_पोरगा | २४ जुलै, रात्री ९:३०

हलवली.

सकाळी अकराला अर्ज दिला, पोच घेतली. साहेब नमुन्यांसाठी बाहेर गेले होते, तीनला आले. फोटो बघितले, नवा पत्ता विचारला, "लिफ्ट आहे का?" म्हणाले. नाही म्हटलं. साडेचारला स्वतः आले, तेच वह्या-पुस्तकंवाले काका पुन्हा पंच. पाऊस असा की छत्री उलटी होत होती. प्लास्टिकचा कागद दोन पदरी गुंडाळून पोती टेम्पोत घातली. गल्लीच्या तोंडाला नाला तुंबून घोटाभर पाणी साचलं होतं, नदीचं नव्हे, पण हमाल म्हणाला रात्री तेही येईल. दुसऱ्या मजल्यावर दोन पोती चढवताना त्यानं मला विचारलं, "मालक, एवढं पोलिसावानी कशापायी नेताय, सोनं हाय का आत?" काय सांगणार.

वर साहेबांनी पुन्हा प्रत्येक शिक्का हातात धरून बघितला, नवा पत्ता लिहून स्थलांतराचा पंचनामा केला. मावशीनं सगळ्यांना चहा केला. साहेबांनी घेतला नाही, पंचकाकांनी दोन कप घेतले.

आयर्विन आत्ता ३४ फूट.

वखारभाग_अण्णा | २४ जुलै, रात्री ९:५५

बरं केलंस. म्या आपलं बोलून गेलो. आमच्याकडनं बी माल वर टाकायचं चाललंय. ही समदी त्या अलमट्टीची

संपादक_मंडळ | २४ जुलै, रात्री १०:०२

अलमट्टी धरणासाठी वेगळा धागा आहे, ३४० प्रतिसाद झालेत, तिकडं जावं. अण्णांचा प्रतिसाद तिथं हलवतो आहोत, परवानगीने.

हरिपूरकर | २४ जुलै, रात्री १०:२०

संपादक, शिक्के तपासून हलवा.

पेठेतला_पोरगा | २ ऑगस्ट, रात्री ८:१५

पाणी ३८ वरून फिरलं हे सगळ्यांना माहीत आहेच. इशारा पातळी ४०, त्याच्या दोन फूट अलीकडं. खोलीत आलं नाही. म्हणजे हलवलं नसतं तरी चाललं असतं, असं वडील आता रोज म्हणतात.

काल अहवाल आला. लेड क्रोमेट नाही, मेटॅनिल यलो नाही. हे वाचलं तेव्हा पायातलं बळ गेलं, पायरीवर बसलो. पण स्टार्च मर्यादेपेक्षा जास्त, कुरकुमिनॉइड २ च्या खाली, आणि शेरा: मक्याचा स्टार्च आढळला. 'कमी दर्जाचा' असा निष्कर्ष. सूक्ष्मदर्शक काका, तुम्ही न बघता सांगितलं होतं.

ज्याच्याकडून घेतली त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "तुमच्याकडंच मिसळलं असेल." दुसऱ्यांदा म्हणाला, "मी हळदीचा धंदाच करत नाही." तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. माझ्याकडं ती चिठ्ठी, त्यावर त्याचं नावसुद्धा नाही.

काळाकोट_कराड | २ ऑगस्ट, रात्री ९:००

आता नीट ऐक. लेड क्रोमेट निघालं असतं तर असुरक्षित अन्न, कलम ५९, फौजदारी. कमी दर्जा म्हणजे कलम ५१, दंडाचं प्रकरण, न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालेल. दंड पाच लाखांपर्यंत होऊ शकतो, पण 'पर्यंत'. किती लावायचा ते ठरवताना कलम ४९ प्रमाणे बघतात: तुला किती फायदा झाला, इतरांचं किती नुकसान झालं, आधी असं केलं होतंस का, आणि तुला माहीत होतं का.

अहवाल मान्य नसेल तर ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्याला पटलं तर नमुना रेफरल प्रयोगशाळेत जातो, उदाहरणार्थ म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेसारख्या. तिचा अहवाल अंतिम. माझं मत विचारशील तर तुझ्या बाबतीत अर्थ नाही. पीठ होतं, ते सापडलं. वेळ आणि पैसे घालवू नकोस.

तुझं खरं नुकसान कुठं झालं ते सांगतो. कलम २६ म्हणतं की घाऊकवाल्यानं दुकानदाराला माल देताना दर्जाची लेखी हमी द्यायची. आणि पुढं म्हणतं की वेगळी हमी लिहिली नसली तरी बिल हीच हमी समजायची. म्हणजे पक्कं बिल असतं तर तो कागद घेऊन तू त्याला तुझ्या शेजारी उभा केला असतास. त्यातून तू पोतं फोडून तुझ्या नावाच्या पाकिटात भरलंस. सीलबंद पाकीट जसंच्या तसं विकणारा आणि भरणारा यांत कायदा फरक करतो. तुझ्या पाकिटावर तुझाच नंबर आहे, त्याचा नाही. ती चिठ्ठी मात्र फेकू नकोस. तारीख, रक्कम आणि तुझ्या बँकेतून त्याच दिवशी गेलेले पैसे जुळत असतील तर सुनावणीत मांड.

पेठेतला_पोरगा | २ ऑगस्ट, रात्री ९:२०

रोख दिले होते.

काळाकोट_कराड | २ ऑगस्ट, रात्री ९:२२

देवा.

तासगाव_बेदाणा | ३ ऑगस्ट, सकाळी ८:००

आमच्याकडं बेदाण्यात पण हेच. 'बिल नको, किलोला पाच कमी' म्हणलं की सगळे मान डोलावतात. मीही डोलावलीय. काल रात्री हा धागा वाचून कपाट उघडलं. सतरा चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या चारांवर कुणाकडून घेतलं तेच आठवेना.

सूक्ष्मदर्शक | ३ ऑगस्ट, सकाळी ९:४०

सामान्य गिऱ्हाइकांसाठी एक राहिलं. तुम्ही विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडे तपासून घेऊ शकता, कलम ४०. घेताना दुकानदाराला तसं सांगायला लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते. संशय असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. व्हॉट्सअपवर फोटो फिरवण्यापेक्षा हे बरं. पाकीट फेकू नका आणि बिल ठेवा, नाहीतर तुमचीही 'ह. पू.' व्हायची.

मिरजेची_सूनबाई | ३ ऑगस्ट, सकाळी १०:१५

मग आता दुकानात कुठली हळद ठेवताय?

पेठेतला_पोरगा | ३ ऑगस्ट, दुपारी २:३०

मार्केट यार्डातून हळकुंडं आणली, बिलासकट. गिऱ्हाइकाला हळकुंडंच देतोय, पलीकडच्या कांडप गिरणीत दळून घ्या म्हणतो. निम्मे लोक वैतागतात. एक आजी मात्र हळकुंड दातांनी मोडून बघून घेऊन गेल्या.

आता नवा प्रश्न आहे. मावशीचा फोन आला होता. पोती तिच्या देवघराच्या खोलीत आहेत, आणि तिच्याकडं दीड दिवसाचा गणपती बसतो. आरास कुठं करायची म्हणते. वर तिला रात्री खोलीत कुरतडल्याचा आवाज येतो. शिक्का तसाच राहिला आणि उंदरानं खालून पोतं फोडलं तर ते कुणाच्या माथी?

काळाकोट_कराड | ३ ऑगस्ट, दुपारी २:५०

तुझ्याच. आजच पिंजरा लाव, औषध नको. पोत्याला हात न लावता चारी बाजूंनी फोटो काढ आणि नवा अर्ज लिही. विल्हेवाटीचा आदेश निकालाबरोबर होईल, तोवर आरास हॉलमध्ये करा म्हणावं मावशींना.

वखारभाग_अण्णा | ३ ऑगस्ट, दुपारी ३:१०

मांजर आमचं घिऊन जा.